नाव कुणाकडे राहिले?

१४ ऑगस्ट १९४७ रोजी भोपाळचे नवाब हमीदुल्ला खान यांनी सामीलनाम्यावर सही केली. कागद माउंटबॅटन यांच्या हवाली करताना त्यांनी एक अट घातली. हा लखोटा २५ ऑगस्टपर्यंत कुणाला दाखवायचा नाही, आणि तोवर आपला विचार बदलला तर तो आपल्याला परत मिळायला हवा. माउंटबॅटन यांनी अट मान्य केली. त्यामुळे १५ ऑगस्टची सकाळ उजाडली तेव्हा भोपाळ नेमके कोणत्या देशात आहे, हे भोपाळच्या तलावाकाठी राहणाऱ्या कुणालाच ठाऊक नव्हते. दिल्लीत तिरंगी पताका लागल्या होत्या, कराचीत जिना गव्हर्नर जनरल झाले होते आणि या दोन्हींच्या मधल्या एका संस्थानाचे भवितव्य एका बंद पाकिटात होते.

सामीलनाम्याचा मसुदा मोठ्या संस्थानिकांना सारखाच होता. त्यात सही करणारा राजा ‘डोमिनियन ऑफ इंडिया’त सामील होत असल्याचे जाहीर करतो. आज त्या शब्दांत आपल्याला वावगे काही दिसत नाही. त्या उन्हाळ्यात मात्र ‘इंडिया’ हे नाव घेण्याचा हक्क कुणाला, यावर जन्मालाही न आलेल्या दोन शेजाऱ्यांमध्ये तंटा चालू होता. जिनांच्या लेखी इंडिया नावाचा देश १५ ऑगस्टला संपणार होता. त्याच्या जागी दोन नवे देश येणार होते, एक पाकिस्तान आणि दुसरा हिंदुस्तान. नेहरू आणि पटेल यांच्या लेखी इंडिया जिथे होता तिथेच राहणार होता, आणि काही प्रांत त्यातून फुटून वेगळे होणार होते.

फरक मानापमानाचा वाटतो. तो इस्टेटीचा होता. घर वाटले गेले तर दोघे भाऊ नवे घर मांडतात आणि जुन्या घराचे देणे-घेणे दोघांच्याही अंगावर येते. पण एक भाऊ घर सोडून गेला असे ठरले, तर जुन्या दारावरची पाटी, सातबारा आणि गावातली पत हे सगळे राहिलेल्याकडेच राहते. काँग्रेसने दुसरी बाजू धरली होती आणि ती कायद्यात उतरवून घेतली. १८ जुलै १९४७ रोजी राजाची संमती मिळालेल्या भारतीय स्वातंत्र्य कायद्याचे पहिलेच कलम पाहावे. त्यात म्हटले आहे की इंडियामध्ये दोन स्वतंत्र डोमिनियन स्थापन होतील, आणि त्यांची नावे अनुक्रमे इंडिया आणि पाकिस्तान अशी असतील. एकाच वाक्यात इंडिया दोनदा आला आहे, एकदा उपखंडाचे नाव म्हणून आणि लगेच त्यातल्या एका तुकड्याचे नाव म्हणून. ब्रिटिश कायदेपंडितांनी मसुद्याचा एकेक स्वल्पविराम पारखला असणार. ही दुहेरी नोंद त्यांच्या नजरेतून सुटली असे मानणे कठीण आहे.

त्या कायद्याच्या पाठोपाठ १४ ऑगस्टला गव्हर्नर जनरलचा एक आदेश निघाला, आंतरराष्ट्रीय करारांविषयीचा. त्याच्याकडे इतिहासाच्या पुस्तकांत फारसे कुणी लक्ष देत नाही, पण नावाच्या वादातली खरी मिळकत तिथे वाटली गेली. त्यानुसार सगळ्या आंतरराष्ट्रीय संघटनांचे सदस्यत्व एकट्या इंडियाकडे आले. इंग्रजांच्या अमलात असूनही इंडिया राष्ट्रसंघाचा सदस्य होता आणि १९४५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सनदेवर त्याची सही झाली होती. ती खुर्ची दिल्लीला आपोआप मिळाली. पाकिस्तानने नव्याने अर्ज करायचा होता. संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयातील कायदेविभागाने ऑगस्टमध्येच तसे मत दिले होते. इंडियाचे सदस्यत्व अबाधित आहे, जो भाग वेगळा झाला तो नवे राष्ट्र, असा त्याचा मथितार्थ होता. अर्जेंटिनाच्या प्रतिनिधीने समितीत हरकत घेतली की एक तर दोघांनाही जुने सदस्य धरा, नाही तर दोघांनाही नवे. हरकत तर्काला धरून होती, पण तिचा उपयोग झाला नाही. ३० सप्टेंबर १९४७ रोजी पाकिस्तान आणि येमेन यांना एकाच दिवशी प्रवेश मिळाला. पाकिस्तानच्या विरोधात एकच मत पडले आणि ते अफगाणिस्तानचे होते. सरहद्दीच्या पठाणी मुलखावरून त्यांचे भांडण होते. पुढे तेही मत त्यांनी मागे घेतले. भारताने पाकिस्तानच्या बाजूनेच मत दिले होते. पाटी आपल्या दारावर लागल्यावर शेजाऱ्याच्या घरभरणीला जायला काय हरकत?

या सगळ्यात भोपाळचा नवाब कुठे येतो? तर अगदी मधोमध येतो. मराठी वाचकाला भोपाळ आठवते ते पहिल्या बाजीरावामुळे. डिसेंबर १७३७ मध्ये त्याने निजामाला भोपाळात कोंडले आणि जानेवारी १७३८ मध्ये जवळच्या दोराह्याला तह होऊन माळवा मराठ्यांना मिळाला. दोस्त महंमद खान या अफगाण सरदाराने उभे केलेले हे संस्थान नंतर नागपूरकर भोसले आणि शिंदे यांच्या वेढ्यांतूनही तगले. १८१८ मध्ये त्याने इंग्रजांशी तह केला. एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या पहिल्या पावात इथे बेगमांनी राज्य केले. क्षेत्रफळ सुमारे सात हजार चौरस मैल, मान एकोणीस तोफांचा, राज्यकर्ता मुसलमान आणि प्रजा बहुतांश हिंदू, असे हे संस्थान. मुसलमान राजवटीच्या संस्थानांत हैदराबादच्या खालोखाल ज्यांचे नाव निघे, त्यांत भोपाळ होते.

हमीदुल्ला खान हे १९२६ मध्ये आईच्या पश्चात नव्हे, तर आई सुलतान जहाँ बेगम यांनी स्वतः गादी सोडल्यावर नवाब झाले. अलीगढला शिकलेले, पोलोचे नामांकित खेळाडू, १९३५ ते १९३७ या काळात क्रिकेट नियामक मंडळाचे अध्यक्ष. संस्थानिकांच्या नरेंद्र मंडळाचे चान्सेलर दोनदा झाले, आणि दुसऱ्यांदा झाले ते १९४४ मध्ये, म्हणजे नेमके इंग्रजांचे निघायचे ठरत असताना. जिनांशी त्यांची मैत्री होती आणि माउंटबॅटन यांच्याशी पोलोच्या मैदानावरची जुनी ओळख. माणूस हुशार होता आणि आपली हुशारी कुठे चालवायची याचा त्यांना अंदाजही होता. ३ जूनची फाळणीची योजना जाहीर होताच त्यांनी नरेंद्र मंडळाच्या चान्सेलरपदाचा राजीनामा दिला. इंग्रजांचे सार्वभौमत्व संपले की भोपाळ स्वतंत्र, अशी भूमिका त्यांनी घेतली.

त्यांची भूमिका आणि जिनांची नावाबद्दलची हरकत या एकाच मुळाच्या दोन फांद्या होत्या, असे मला वाटते. जिना म्हणत होते, इंडिया संपला. नवाब म्हणत होते, इंडियाशी आमचे नाते इंग्रज बादशहामुळे होते. बादशहा निघून गेला, नाते संपले. दोघांनाही जुना इंडिया १५ ऑगस्टला मेलेला हवा होता, कारण मयताच्या इस्टेटीवर सगळ्यांना हक्क सांगता येतो. दिल्लीतले नवे सरकार नुसते ‘हिंदुस्तान’ असते, पाकिस्तानसारखेच कालचे जन्मलेले, तर भोपाळने त्याला काय म्हणून मानावे? एक नवे राज्य दुसऱ्या नव्या राज्याच्या तोडीचे. पण समोर ‘इंडिया’च उभा राहिला, त्याच नावाचा, त्याच राजधानीतला, त्याच सचिवालयातला, त्याच सैन्याचा आणि त्याच रेल्वेचा. मग भोपाळ स्वतंत्र राहणे म्हणजे घराच्या मधल्या खोलीला आतून कडी लावून बसणे.

कायद्याच्या पुस्तकात नवाबांची बाजू अगदीच पोकळ नव्हती. स्वातंत्र्य कायद्याच्या सातव्या कलमाने संस्थानांवरचे इंग्रजी सार्वभौमत्व खरोखरच संपवले होते आणि ते नव्या सरकारकडे सोपवले नव्हते. राजकीय खात्याचे प्रमुख कॉनरॅड कॉर्फिल्ड यांची सहानुभूतीही संस्थानिकांकडे होती. २५ जुलैला माउंटबॅटन यांनी दिल्लीत नरेंद्र मंडळापुढे भाषण करून सामील व्हा, असा सल्ला दिला. हमीदुल्ला खान त्या सभेला गेले नाहीत. लुइस कॅरोलच्या कवितेत वॉलरस आणि सुतार कालवांना फिरायला बोलावतात आणि मग खाऊन टाकतात. तसे आम्हाला बोलावणे आले आहे, अशा अर्थाचे त्यांनी कळवले. संतापातही या माणसाची विनोदबुद्धी शाबूत होती.

रुसून घरी बसणारे ते नव्हते. जोधपूरचे तरुण महाराज हनवंतसिंह यांना जिनांच्या भेटीला नेण्यात भोपाळचा हात होता. जिनांनी त्यांच्यापुढे कोरा कागद ठेवला आणि हव्या त्या अटी लिहा म्हटले, ही हकीगत प्रसिद्ध आहे. नकाशा उघडला तर डाव कळतो. भोपाळ, इंदूर, उदयपूर, जोधपूर अशी ओळ लागली असती, तर मध्य भारतातून थेट पाकिस्तानच्या सरहद्दीपर्यंत एक पट्टा तयार झाला असता. इंदूरचे यशवंतराव होळकरही अखेरपर्यंत भोपाळच्या सोबतीने रेंगाळत राहिले. ज्यांचे मूळपुरुष मल्हारराव बाजीरावाच्या त्या मोहिमेत होते, त्यांच्या वंशजाने दोनशे वर्षांनी भोपाळच्या नवाबाशी खांद्याला खांदा लावावा! इतिहासाला अशा खोड्या काढायची सवयच असते. उदयपूरचे महाराणा भूपालसिंह या भानगडीत पडले नाहीत आणि हनवंतसिंहही शेवटी भारतात आले. ओळीचे मणी निसटले तसा भोपाळचा मणी एकटा उरला.

एका क्षणी नवाबांनी गादी सोडून पाकिस्तानात जायचाही विचार केला. थोरली मुलगी आबिदा सुलतान हिने राज्य सांभाळावे असे त्यांच्या मनात होते. ते घडले नाही. २५ ऑगस्टला मुदत संपली, लखोटा उघडला गेला आणि भोपाळ भारतात असल्याचे जगाला कळले. दुसऱ्या दिवशी हमीदुल्ला खान यांनी सरदार पटेलांना पत्र लिहिले. आपल्या संस्थानाचे स्वातंत्र्य आणि तटस्थता टिकवण्यासाठी हाती होते ते सगळे उपाय केले हे त्यांनी लपवले नाही. आता पराभव मान्य केला आहे, तर जितका कडवा विरोधक होतो तितकाच पक्का मित्र होऊन दाखवीन, असे कळवले. पटेलांनी उत्तरात हा कुणाचाही पराभव मानू नये असे लिहिले. दोन्ही पत्रे वाचली की त्या काळातल्या राजकारणात भाषेची किती चाड होती ते दिसते.

भोपाळचा लखोटा उघडला, तरी जिनांना नावाचा विषय संपल्यासारखा वाटत नव्हता. लंडनला भारतीय कलेचे एक मोठे प्रदर्शन भरायचे होते. सप्टेंबर १९४७ मध्ये माउंटबॅटन यांनी जिनांना विचारले की आपण दोघे त्याचे मानद अध्यक्ष होऊ या का. निमंत्रणात ‘इंडियन आर्ट’ असे शब्द होते. जिनांनी नकार दिला. हिंदुस्तानने कुठल्या तरी गूढ कारणासाठी ‘इंडिया’ हे नाव घेतले आहे, ते दिशाभूल करणारे असून गोंधळ माजवण्यासाठीच घेतलेले आहे, अशी तक्रार त्यांनी पत्रात केली. प्रदर्शनाला पाकिस्तान आणि हिंदुस्तानच्या कलेचे प्रदर्शन म्हणावे असे त्यांचे मत होते. पंजाबात तेव्हा माणसे कापली जात होती, निर्वासितांचे तांडे सरहद्द ओलांडत होते. अशा दिवसांत एका कलाप्रदर्शनाच्या पाटीवरून पत्र लिहिण्याइतका वेळ आणि राग पाकिस्तानच्या गव्हर्नर जनरलकडे होता. यातला राग खोटा नव्हता. ‘इंडियन आर्ट’ म्हटले की मोहेंजोदडो कुणाचे आणि तक्षशिला कुणाची, हा प्रश्न ओघाने येतोच, आणि ती दोन्ही ठिकाणे त्यांच्या देशात होती. भोपाळच्या हद्दीत सांची होती. बेगमांनी तिच्या देखभालीला पैसा दिला होता. सांची कुठल्या कलेत धरायची याबद्दल मात्र कुणाला पत्र लिहावे लागले नाही. सामीलनाम्याने ते आधीच ठरवले होते. अखेर ते प्रदर्शन लंडनच्या रॉयल अकॅडमीत १९४७-४८ च्या हिवाळ्यात भरले आणि त्याच्या नावात ‘इंडिया अँड पाकिस्तान’ असे शब्द होते. म्हणजे तोड अर्धीच निघाली: पाकिस्तानचे नाव आले, इंडियाचे गेले नाही.

याच महिन्यांत आपल्या नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये जे छापले जात होते, ते या वादावरचे सर्वांत बोलके भाष्य आहे. पाकिस्तानकडे स्वतःची टपाल तिकिटे नव्हती. म्हणून सहाव्या जॉर्जचे चित्र आणि ‘इंडिया पोस्टेज’ असा मजकूर असलेली जुनीच तिकिटे घेतली गेली आणि त्यांवर नाशिकला ‘पाकिस्तान’ असा काळा शिक्का छापला. ती १ ऑक्टोबर १९४७ पासून चलनात आली. नोटांचीही गत तीच. रिझर्व्ह बँकेच्या नोटांवर ‘गव्हर्नमेंट ऑफ पाकिस्तान’ अशी इंग्रजी आणि उर्दू ओळ उमटवून त्या एप्रिल १९४८ पासून पाकिस्तानात वापरल्या गेल्या. पाकिस्तानची स्वतःची स्टेट बँक १ जुलै १९४८ ला सुरू झाली. इंडिया या नावावर हरकत घेणाऱ्या देशातली पत्रे काही महिने त्याच नावाच्या तिकिटांवर फिरत होती, वरून दुसरे नाव ठोकलेल्या.

‘हिंदुस्तान’ हे नाव भारताला चिकटावे असे जिनांना वाटे आणि ‘हिंदुस्थान’ हेच नाव असावे असे सावरकरांनाही वाटे. कारणे अर्थातच उलट होती. सावरकरांना त्या नावात राष्ट्राचा अभिमान दिसे. जिनांना त्यात आपल्या द्विराष्ट्र सिद्धांताची पावती दिसे: हा हिंदूंचा देश, तो मुसलमानांचा, हिशेब बरोबर. नेहरूंना ती पावती फाडायची होती. इंडिया हे नाव धर्माच्या हिशेबात बसत नव्हते, आणि तेच त्याचे मोल होते.

मग घटना परिषदेत हा विषय पुन्हा निघाला, तो घरातल्या घरात. फेब्रुवारी १९४८ च्या मसुद्यात नुसते ‘इंडिया’ होते. त्यावर नाराजी वाढत गेली आणि १७ सप्टेंबर १९४९ रोजी बाबासाहेब आंबेडकरांनी नवा शब्दप्रयोग मांडला: इंडिया, म्हणजेच भारत. दुसऱ्या दिवशी हरी विष्णू कामत उठले. मंगळूरचे, सनदी नोकरी सोडून सुभाषबाबूंबरोबर गेलेले, आणि परिषदेत मध्य प्रांत व वऱ्हाडातून निवडून आलेले. पुढे ते होशंगाबादचे खासदार झाले, म्हणजे नर्मदेपलीकडचे भोपाळचे शेजारीच. त्यांची दुरुस्ती अशी होती की आधी ‘भारत’ यावे आणि मग ‘किंवा इंग्रजी भाषेत इंडिया’. नमुना त्यांनी आयर्लंडच्या १९३७ च्या घटनेवरून घेतला होता. सभासद वेद-पुराणांत शिरू लागले तेव्हा आंबेडकरांनी विचारले, या सगळ्याचा शोध घेण्याची आता गरज आहे का? पुढे बरेच काम पडले आहे. कामतांच्या दुरुस्तीवर हात वर झाले. ३८ बाजूने, ५१ विरुद्ध. जबलपूरचे शेठ गोविंददास यांनीही ‘भारत’ पुढे असावे म्हणून जोर लावला होता. तरीही इंडिया पहिला राहिला आणि भारत त्याच्या शेजारी बसला.

कामतांनी दिलेला आयर्लंडचा दाखला गमतीचा होता, कारण तो देश स्वतःच शेजाऱ्याशी नावावरून भांडत होता. आयरिश घटनेने इंग्रजीत ‘आयर्लंड’ म्हटले, पण ब्रिटनला ते रुचले नाही. उत्तर आयर्लंड ब्रिटनकडे असताना अख्ख्या बेटाचे नाव डब्लिनने कसे घ्यावे? म्हणून लंडनचे सरकार आधी ‘एर’ आणि १९४९ पासून ‘आयर्लंडचे प्रजासत्ताक’ असे लिहीत राहिले. १९९८ च्या गुड फ्रायडे करारानंतर ती अडचण मिटली. मॅसिडोनियाचा वाद तर आपल्या डोळ्यांसमोर झाला. युगोस्लाव्हियातून १९९१ मध्ये बाहेर पडलेल्या देशाने हे नाव घेतले आणि त्याच नावाचा प्रांत असलेल्या ग्रीसने ते अडवले. १९९३ मध्ये संयुक्त राष्ट्रांत त्याला ‘मॅसिडोनियाचे माजी युगोस्लाव्ह प्रजासत्ताक’ या तात्पुरत्या लांबलचक नावाने आत घेतले गेले. २००८ मध्ये ग्रीसने त्याची नाटोची वाट रोखली. २०१८ च्या प्रेस्पा करारानंतर फेब्रुवारी २०१९ मध्ये तो ‘उत्तर मॅसिडोनिया’ झाला. सत्तावीस वर्षांचे दुखणे एका दिशावाचक शब्दाने थांबले. आपल्याकडे अशी तडजोड कुणी मागितली नाही. पाकिस्तानने ‘इंडिया’चे सदस्यत्व मानून शेजारी बसणे पत्करले, मात्र उर्दू वृत्तपत्रांतून आणि सरकारी बोलण्यातून भारताला ‘भारत’ म्हणणे चालू ठेवले. कामतांना जे हवे होते ते त्यांना कराचीने दिले, असे म्हणायला हरकत नाही.

२०२३ च्या सप्टेंबरमध्ये दिल्लीतल्या जी-२० परिषदेच्या मेजवानीच्या निमंत्रणावर ‘प्रेसिडेंट ऑफ भारत’ असे छापले गेले आणि जिनांचे ते जुने पत्र पुन्हा चर्चेत आले. जे नाव आपण टाकू ते शेजारी उचलील, अशी भीती काहींनी बोलून दाखवली. तिच्यात मला दम वाटत नाही. घटनेत दोन्ही नावे आहेत, संयुक्त राष्ट्रांतली खुर्ची जागेवर आहे, आणि नाव उचलून वारसा मिळत असता तर तो १९४७ मध्येच मिळाला असता.

भोपाळच्या राजवाड्यात मात्र वारसा खरोखरच वाटला गेला. सामील झाल्यावरही नवाबांनी संस्थान वेगळे ठेवण्याची शिकस्त केली. शेजारची संस्थाने मध्य भारतात आणि विंध्य प्रदेशात विरघळली, भोपाळ उरले. मग लोकच रस्त्यावर आले. भाई रतनकुमार यांचे ‘नई राह’ हे पत्र विलीनीकरणाची बाजू मांडत होते. शंकर दयाळ शर्मा, जे पुढे राष्ट्रपती झाले, ते तुरुंगात गेले. १४ जानेवारी १९४९ ला संक्रांतीच्या जत्रेत नर्मदेकाठी बोरास घाटावर तिरंगा फडकवणाऱ्यांवर गोळीबार झाला आणि चार तरुण मारले गेले. ३० एप्रिलला विलीनीकरणाचा करार झाला आणि १ जून १९४९ पासून केंद्राने कारभार हाती घेतला. स्वातंत्र्यदिनाइतकाच हा १ जून जुन्या भोपाळकरांना आपला वाटतो.

आबिदा सुलतान १९५० मध्ये पाकिस्तानात गेल्या आणि ब्राझीलमध्ये त्या देशाच्या राजदूत झाल्या. त्यांचा मुलगा शहरयार खान, भोपाळात जन्मलेला, १९९० च्या दशकात पाकिस्तानचा परराष्ट्र सचिव झाला आणि नंतर त्यांच्या क्रिकेट मंडळाचा अध्यक्ष. मधली मुलगी साजिदा इथेच राहिली. तिचा मुलगा मन्सूर अली खान पतौडी, तोही भोपाळचाच, १९६२ मध्ये एकविसाव्या वर्षी भारताचा कर्णधार झाला. एका आजोबांचे दोन नातू आणि दोघांच्या ब्लेझरवर दोन नावे. नवाबांच्या मालमत्तेचा वारस थोरली की मधली, आणि थोरली असेल तर ती शत्रू संपत्ती ठरते का, हे प्रकरण अजून न्यायालयांतून फिरते आहे.

नावाच्या वारशाचा दुसरा खटला भोपाळच्या आणि आपल्या, विशेषतः नागपूरकरांच्या वाट्याला आला, तो १९५६ मध्ये. १९५० पासून मध्य प्रांत व वऱ्हाडाचे नाव ‘मध्य प्रदेश’ झाले होते आणि त्याची राजधानी होती नागपूर. १८६१ पासून ते राजधानीचे शहर. फाजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि के. एम. पणिक्कर यांच्या राज्य पुनर्रचना आयोगाने सप्टेंबर १९५५ मध्ये अहवाल दिला. त्यात नागपूर-वऱ्हाडच्या आठ मराठी जिल्ह्यांचे वेगळे विदर्भ राज्य सुचवले होते. बापूजी अणे आणि ब्रिजलाल बियाणी ज्यासाठी झटत होते ते हेच. उरलेल्या हिंदी जिल्ह्यांना मध्य भारत, विंध्य प्रदेश आणि भोपाळ जोडून एक अवाढव्य राज्य करायचे होते, आणि आयोगाच्या मते त्याची राजधानी जबलपूर. विदर्भ झाला नाही, आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. जबलपूर, ग्वाल्हेर आणि इंदूर यांच्या चढाओढीत राजधानी भोपाळला गेली. आणि ‘मध्य प्रदेश’ हे नाव? तेही भोपाळला गेले. नागपूरला मागे काही उरले नाही. उच्च न्यायालयसुद्धा जबलपूरला हलले. सचिवालयाच्या फायली, कारकून आणि त्यांची बिऱ्हाडे नागपूरहून भोपाळला निघाली, त्यांत मराठी कुटुंबेही होती.

१९४७ मध्ये काँग्रेसने जो मुद्दा जिनांविरुद्ध लावला होता, त्याच मापाने मोजले तर हे नागपूरवर अन्यायाचे वाटेल: राजधानी आपली, इमारती आपल्या, पंचाण्णव वर्षांची सलगता आपली, मग नाव त्यांचे कसे? पण मोजायचे माप इमारत नसते, सरकार असते. नाव ज्याच्याकडे दौलतीचा शिक्का त्याच्याबरोबर चालते. दिल्लीतले सरकार १४ ऑगस्टला जे होते, तेच १५ ऑगस्टला होते, म्हणून इंडिया दिल्लीत राहिला. पंडित रविशंकर शुक्ल ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत नागपुरात मध्य प्रदेशाचे मुख्यमंत्री होते. १ नोव्हेंबरला तेच भोपाळात मध्य प्रदेशाचे मुख्यमंत्री झाले आणि ३१ डिसेंबरला, दोनच महिन्यांनी, त्यांचे निधन झाले.